ऑनलाइन अभ्यासगटासाठी मुक्त एलएमएस कसं पारखावं: एक खरा धडा घ्या आणि शेवटपर्यंत चालवून बघा

व्हॉट्सॲप ग्रुपवर शिकवणी सुरू करणं सोपं असतं. पहिल्या बॅचला पंधरा-वीस जण असतात. पीडीएफ टाकली की सगळे बघतात, गृहपाठाचे फोटो येतात, शिकवणारे रात्री बसून एकेकाला उत्तर देतात. दुसऱ्या-तिसऱ्या बॅचला घोळ सुरू होतो. कोणाचा गृहपाठ तपासायचा राहिला ते कळत नाही, मागच्या बॅचचा व्हिडिओ शोधून सापडत नाही, आणि नवीन शिकवणारा आला की त्याच्या हातात द्यायला एका जागी काहीच नसतं. मग बैठकीत कोणीतरी म्हणतं, "आपण एलएमएस घेऊया. मूडल फुकट आहे ना?"

एलएमएस म्हणजे धडे, गृहपाठ आणि गुण एका जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर. मूडल हे त्यातलं एक मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं. यानंतर बहुतेक गट सुविधांचे तक्ते उघडून बसतात. एका बाजूला सॉफ्टवेअरची नावं, दुसऱ्या बाजूला शंभर सुविधा आणि सगळीकडे बरोबरच्या खुणा. या तक्त्यांवरून निर्णय होत नाही, कारण बरोबरची खूण सगळ्यांपुढेच असते. "गृहपाठ स्वीकारता येतो" हे सगळेच सांगतात. विरारच्या गाडीत उभ्या असलेल्या माणसाला जुन्या अँड्रॉइड फोनवरून तो गृहपाठ खरंच पाठवता येतो का, हे कोणताही तक्ता सांगत नाही. ते आपल्यालाच करून बघावं लागतं, आणि कसं करायचं तेच इथे लिहितो आहे.

उदाहरण म्हणून मोडी लिपी शिकवणारा मुंबईतला एक हौशी गट डोळ्यापुढे ठेवतो. अशा वर्गाला गिरगावातले निवृत्त बँक कर्मचारी येतात, वसईहून इतिहासाची विद्यार्थिनी येते, घराण्यातली जुनी खरेदीखतं वाचायची म्हणून कोणी काका येतात. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात जाऊन मूळ कागद वाचता यावेत, अशी बऱ्याच जणांची इच्छा असते. तुमचा विषय स्पर्धा परीक्षा असो, शिवणकाम असो की पायथन, पायऱ्या त्याच राहतील.

पहिली पायरी: एका आठवड्याची हकीकत लिहा

सॉफ्टवेअरचं नावही न घेता एक पान लिहा. तुमच्या गटात एका आठवड्यात काय काय घडतं ते सोमवार ते रविवार मांडा. मोडीच्या गटाचं पान साधारण असं होईल: रविवारी सकाळी तासाभराचा थेट वर्ग. त्याच दिवशी रेकॉर्डिंग आणि वळणांचा तक्ता सगळ्यांना. बुधवारपर्यंत प्रत्येकाने कागदावर बोरूने किंवा पेनाने दहा ओळी लिहून फोटो पाठवायचा. शिकवणाऱ्याने त्या फोटोवरच खुणा करून "इथे 'ल'चं वळण चुकलं" असं दाखवायचं. शुक्रवारपर्यंत सुधारून पुन्हा पाठवायचं. महिनाअखेर एका जुन्या पत्राचं लिप्यंतर.

या पानावर लगेच दिसतं की गटाचा जीव फोटोवरच्या खुणांमध्ये आणि पुन्हा पाठवण्यात आहे. पदकं, गुणफलक, आकर्षक मुखपृष्ठ यांतलं काहीही या आठवड्यात येत नाही, म्हणून ते पारखण्याच्या यादीतही येत नाही. तुमच्या पानावरच्या अशा तीन-चार गोष्टींखाली रेघ मारा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये त्या जमत नाहीत ते बाद, बाकी कितीही छान असलं तरी.

पानाच्या तळाशी शिकणाऱ्यांविषयीही लिहा: किती जणांकडे फक्त फोन आहे, किती जण घरातला एकच फोन मुलांबरोबर वापरतात, अभ्यास कधी करतात, ईमेल कोण खरंच उघडतं. हे अंदाजाने लिहू नका, एकेकाला फोन करून विचारा.

दुसरी पायरी: सांभाळणार कोण, ते आधी ठरवा

मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना फुकट मिळतो, देखभाल मिळत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या बसवणं, बॅकअप तपासणं, "पासवर्ड विसरलो" म्हणणाऱ्याला मदत करणं, परीक्षेच्या संध्याकाळी सर्व्हर बसला तर उठवणं, हे सगळं कोणीतरी करायचं असतं. गटात असं करणारं कोण आहे आणि ते आठवड्याला किती तास देऊ शकतात, हे त्यांच्याच तोंडून ऐका. एक माणूस पुरत नाही. तो परदेशी गेला किंवा आजारी पडला की सगळं थांबतं. सर्व्हर, डोमेन (साइटचा पत्ता) आणि अ‍ॅडमिनच्या चाव्या किमान दोघांकडे हव्यात, आणि डोमेन गटाच्या नावावर हवं, व्यक्तीच्या नको.

असे दोघे मिळत नसतील तर स्वतःचा सर्व्हर चालवायच्या फंदात पडू नका. तेच मुक्त सॉफ्टवेअर दुसऱ्याकडून चालवून घेता येतं. त्याला पैसे पडतात, पण कंपनी बदलावीशी वाटली तर सगळं उचलून दुसरीकडे नेता येतं. मुक्त सॉफ्टवेअरचा माझ्या मते हाच मोठा फायदा आहे, फुकटपणा त्यानंतर येतो.

तिसरी पायरी: यादी तीनवर आणा

नावं पुष्कळ आहेत. बहुतेक गटांच्या कामाची पाच सांगतो, माझ्या मतांसकट.

मूडल सगळ्यात जुन्या आणि मुरलेल्यांपैकी. मार्टिन डुगियामस यांनी ऑस्ट्रेलियात सुरू केलं, पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं आहे, त्यामुळे साध्या होस्टिंगवरही चालतं आणि ते येणारी माणसं मुंबईत सहज मिळतात. आयआयटी मुंबईतही वर्षानुवर्षं मूडल वापरात आहे. गृहपाठ, प्रश्नपेढी, गुणपत्रक, भूमिका आणि अधिकार या बाबतीत त्याच्या जवळपास कमीच सॉफ्टवेअर येतात. त्रास आहे तो सेटिंगचा. प्रत्येक गोष्टीला इतके पर्याय की नवा शिकवणारा बावरतो. ज्या गटात तपासून अभिप्राय देणं हे मुख्य काम आहे, त्याने मूडल यादीत ठेवावंच.

ओपन ईडीएक्सचं मूळ एमआयटी आणि हार्वर्डने २०१२ मध्ये उभ्या केलेल्या ईडीएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साइटमध्ये आहे. कोड २०१३ मध्ये खुला झाला आणि आयआयटी मुंबईने आयआयटीबॉम्बेएक्स हे आपलं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ त्यावरच उभं केलं. हजारो लोक आपापल्या गतीने एकच अभ्यासक्रम करणार असतील तर याची मांडणी उत्तम आहे. पण चाळीस जणांच्या गटाला ते जड जातं. 'ट्यूटर' या अधिकृत पद्धतीने बसवायचं तरी किमान चार जीबी रॅम लागते, आठ असलेली बरी, आणि आत एकाच वेळी बरीच यंत्रणा चालू असते. ती समजणारा माणूस नसेल तर सोडून द्या.

कॅनव्हास दिसायला आणि वापरायला नेटकं आहे. इन्स्ट्रक्चर या कंपनीने २०११ मध्ये त्याचा कोड खुला केला. मात्र कंपनी जे विकते ते सगळंच खुल्या आवृत्तीत नाही. उदाहरणार्थ, त्यांची नवी चाचणी-प्रणाली त्यात येत नाही. डेमो कंपनीच्या साइटवर बघून आवडला आणि खुली आवृत्ती बसवली, तर दोन्हींत फरक निघेल. जे बसवणार तेच तपासा.

फ्रापे लर्निंग मुंबईतल्याच फ्रापे कंपनीचं आहे, ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय सांभाळण्याचं मुक्त सॉफ्टवेअर बनवणारे तेच. यात 'बॅच' ही कल्पना मुळातच आहे, त्यामुळे आपल्याकडच्या क्लासची रीत त्यात पटकन बसते. पडदा स्वच्छ, शिकवणाऱ्याला धडा लिहायला सोपं. गुणपत्रक आणि प्रश्नप्रकार मूडलइतके खोल नाहीत. लहान गट, सरळ अभ्यासक्रम, थेट वर्ग आणि शेवटी प्रमाणपत्र एवढंच हवं असेल तर आधी हे बघा.

कोलिब्री वेगळ्या गरजेसाठी आहे. जिथे इंटरनेट नाही किंवा परवडत नाही, तिथे एका लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर सगळं साहित्य ठेवायचं आणि आजूबाजूच्या फोनना वायफायवरून द्यायचं. गोवंडी-मानखुर्दमधल्या एखाद्या वस्तीतली अभ्यासिका चालवत असाल तर हे पहिलं नाव. मात्र हाताने लिहिलेला गृहपाठ तपासून परत देणं, हे त्याचं मुख्य काम नाही.

चामिलो, इलियास, साकाई हीही सशक्त नावं आहेत. पण त्यांची सवय असलेली व्यक्ती गटात असेल तरच त्यांच्याकडे वळा. अडलं की शेजारी विचारायला कोणी असणं लहान गटाला फार मोलाचं असतं.

यातून तीन निवडा. चौथं घेतलंत की चाचण्या अर्धवट राहतात.

चौथी पायरी: परवाना आणि प्रकल्पाची तब्येत

हे तासाभराचं काम आहे. मूडल जीपीएल परवान्याखाली आहे. ओपन ईडीएक्स, कॅनव्हास आणि फ्रापे लर्निंग एजीपीएलखाली. फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. एजीपीएलच्या कोडमध्ये बदल करून तुम्ही ते इंटरनेटवर लोकांना वापरायला दिलंत, तर वापरणाऱ्यांना तो बदललेला कोडही उपलब्ध करून द्यावा लागतो. जसं आहे तसं वापरणार असाल तर यात अडचण काहीच नाही.

मग प्रकल्पाच्या कोडभांडाराकडे बघा. शेवटची आवृत्ती कधी आली, सुरक्षेच्या सूचना नियमित निघतात का, लोकांनी नोंदवलेल्या त्रुटींना कोणी उत्तर देतं का, आणि काम करणारे एकाच कंपनीचे आहेत की विखुरलेले. ईडीएक्सची वेबसाइट २०२१ मध्ये टूयू या कंपनीला विकली गेली आणि २०२४ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तरी ओपन ईडीएक्सचा कोड आणि त्याच्या आवृत्त्या चालू राहिल्या, कारण त्याची देखरेख ॲक्सिम कोलॅबोरेटिव्ह या वेगळ्या ना-नफा संस्थेकडे होती. कोड कोणाच्या हातात आहे हे बघायचं ते यासाठी.

पाचवी पायरी: एक धडा, पाठवण्यापासून परत मिळण्यापर्यंत

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तिन्ही सॉफ्टवेअरची चाचणीपुरती प्रत बसवा. मुंबईतच डेटा सेंटर असलेला भाड्याचा सर्व्हर घेतला तर वेगाचा अंदाज खरा येतो. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे, इतरही आहेत. प्रकल्पांच्या सार्वजनिक डेमो साइट्स ठरावीक वेळाने पुसल्या जातात, त्यामुळे त्या नजर टाकायला ठीक, चाचणीला नाहीत.

आता तुमचा एक खरा धडा तिन्हींत घाला. तो धडा नेहमी शिकवणाऱ्या व्यक्तीने घालायचा, तंत्रज्ञाने नाही. तंत्रज्ञाने फक्त शेजारी बसून ती कुठे अडते ते लिहून घ्यायचं. मग शिकणाऱ्यांपैकी तिघे बोलवा: एक सराईत, एक मध्यम, आणि एक असे की ज्यांना फोनवर रेल्वेचं तिकीट काढायलाही मदत लागते. त्यांना स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या डेटावर सगळं करू द्या: लॉगिन, व्हिडिओ, वळणांचा तक्ता, लिहिलेल्या पानाचा फोटो, पाठवणं, अभिप्राय बघणं, पुन्हा पाठवणं.

तुम्ही गप्प बसायचं. काका विचारतात, "सर, हे 'सबमिट' दोनदा का विचारतंय?" उत्तर देऊ नका, लिहून घ्या. मूडलमध्ये काही सेटिंगवर गृहपाठ आधी मसुदा म्हणून साठतो आणि पक्का पाठवायला दुसरं बटण दाबावं लागतं. बरेच जण पहिल्या बटणानंतर फोन खिशात ठेवतात. इकडे शिकवणाऱ्याला वाटतं, गृहपाठ आलाच नाही. ते सेटिंग बदलता येतं, पण ते बदलायचं हे तुम्हाला काकांच्या शेजारी बसल्यावरच कळेल.

फोटो चढवताना दुसरी अडचण हमखास येते. आजच्या फोनचा फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो. पीएचपीत एका फाइलची मूळ मर्यादा दोन एमबी असते, आणि एनजिनएक्स हा वेबसर्व्हर मुळात एक एमबीपेक्षा मोठी विनंतीच घेत नाही. या दोन्ही मर्यादा वाढवायच्या, आणि त्याशिवाय मूडलच्या आत साइटची, कोर्सची आणि त्या गृहपाठाची अशा आणखी मर्यादा असतात. कुठेही एक जरी लहान राहिली तरी फोटो अडतो. तेव्हा पडद्यावर कोणता संदेश येतो आणि तो शिकणाऱ्याला समजतो का, हे मुद्दाम मोठा फोटो चढवून बघा.

मग शिकवणाऱ्याची बाजू. मोडीच्या गटाला पानावर लाल रेघ ओढून वळण दाखवायचं आहे. मूडलमध्ये पीडीएफवर अशी थेट खूण करता येते, पण त्यासाठी सर्व्हरवर घोस्टस्क्रिप्ट हे पीडीएफ हाताळणारं सॉफ्टवेअर बसवलेलं असावं लागतं. नसेल तर ती सोय दिसतच नाही. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त मजकूर लिहून अभिप्राय देता येत असेल, तर मोडीसाठी ते निरुपयोगी आहे आणि पायथनसाठी कदाचित पुरेसं आहे. एका पानाला तपासायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा आणि बॅचच्या संख्येने गुणा. शिकवणारा हा स्वयंसेवक असतो. प्रत्येक पानामागे दोन मिनिटं जास्त लागली तर चाळीस जणांच्या बॅचला आठवड्याला ऐंशी मिनिटं जास्त जातात, आणि काही महिन्यांत तो माणूस थकतो. माझ्या दृष्टीने सगळ्या चाचणीतला हा सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे.

सहावी पायरी: मराठीची कसोटी

इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शकांत हा भाग नसतो, आणि आपलं सॉफ्टवेअर नेमकं इथे तोंडावर पडतं.

आधी प्रमाणपत्र. मूडलमध्ये पीडीएफ बनवण्याचं काम टीसीपीडीएफ नावाच्या लायब्ररीकडे आहे. देवनागरीतली जोडाक्षरं नीट जुळवून मांडणं तिला येत नाही. 'श्रद्धा' फुटून तुकडे होतात, 'क्षितिज'मधली वेलांटी भलत्या जागी बसते. नाव चुकीचं छापलेलं प्रमाणपत्र आपण कोणाला देऊ शकत नाही. ज्या सॉफ्टवेअरमध्ये पान ब्राउझरच्या इंजिनातून पीडीएफ होतं, तिथे सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट असला की अक्षरं बरोबर येतात. मूडलच हवं असेल तर प्रमाणपत्र बाहेर बनवण्याची सोय आधी ठरवा. चाचणीसाठी ही नावं वापरा: श्रद्धा, क्षितिज, ऋत्विक, कीर्ती, गोऱ्हे, कऱ्हाडकर.

शेवटची दोन मुद्दाम घेतली. 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' यांतला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सगळ्या लिप्या साठवण्याच्या सामायिक पद्धतीत, दोन रीतींनी लिहिला जातो: ऱ आणि हलन्त असा, किंवा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असा. दिसायला दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. कोणी एका कीबोर्डवरून 'गोऱ्हे' म्हणून नोंदणी केली आणि शिकवणाऱ्याने दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं तर नाव सापडत नाही. दोन्ही रीतींनी एकेक नाव घालून शोधून बघा.

साइटची माहिती जिथे साठते त्या डेटाबेसचाही प्रश्न आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसमधली जुनी 'यूटीएफएट' पद्धत एका अक्षराला तीनच बाइट देते. देवनागरी त्यात मावते, इमोजी मावत नाहीत, आणि मोडीही मावत नाही. मोडी युनिकोडमध्ये २०१४ मध्ये आली आणि तिच्या प्रत्येक अक्षराला चार बाइट लागतात. म्हणून डेटाबेस 'यूटीएफएटएमबीफोर'वर आहे ना ते बसवतानाच बघा. नंतर बदलणं त्रासाचं असतं. साइटवर मोडी अक्षरं दाखवायची असतील तर फॉन्टही साइटनेच पुरवायला हवा, कारण बहुतेक फोनमध्ये तो नसतो.

चाचणी प्रश्नांत, जिथे संख्या लिहायची आहे तिथे '१२' आणि '12' दोन्ही देऊन बघा. देवनागरी अंक नाकारले जात असतील तर प्रश्नातच सूचना द्यावी लागेल किंवा बहुपर्यायी प्रश्न घ्यावे लागतील. एका शब्दाच्या उत्तरांत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पडला की उत्तर चूक धरलं जातं. कोणती रूपं मान्य करायची ती सगळी आधी भरावी लागतात. त्या कामाला किती वेळ जातो ते बघा.

पडद्यावरच्या मराठीबद्दल: मूडलचं मराठी भाषांतर आहे, पण अर्धवट. त्यामुळे एक ओळ मराठीत, पुढची इंग्रजीत असं दिसतं. पाच-सहा महत्त्वाची बटणं गटाने स्वतः सुधारून घेतली तरी पुष्कळ फरक पडतो. साइटच्या सेटिंगमध्ये तशी सोय असते, कोडला हात लावावा लागत नाही.

राहिल्या जुन्या नोट्स. मुंबईतल्या कित्येक शिक्षकांचं साहित्य श्रीलिपी किंवा डीव्हीटीटी-सुरेखसारख्या जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे. ते युनिकोडमध्ये आणल्याशिवाय कोणत्याही एलएमएसमध्ये नीट दिसणार नाही आणि शोधात सापडणार नाही. रूपांतर करून देणारी साधनं आहेत, मात्र नंतर एकदा मुद्रितशोधन करावंच लागतं. हे काम सॉफ्टवेअर निवडीच्या आधीच सुरू करा.

सातवी पायरी: फोन आणि लोकल

आपल्या शिकणाऱ्यांचा बराच अभ्यास गाडीत होतो. त्यामुळे तिन्ही सॉफ्टवेअर घेऊन खरोखर प्रवास करा. अंधेरीला चढा, चर्चगेटपर्यंत जा, आणि वाटेत एक धडा पूर्ण करा. कल्याणहून येणाऱ्यालाही त्याच्या प्रवासात करून बघू द्या. नेटवर्क गेलं की काय होतं? लिहिलेलं उत्तर राहतं की पुसलं जातं? पुन्हा लॉगिन मागतं का?

मूडलच्या अ‍ॅपमध्ये धडे उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वाचता येतात. स्वतः बसवलेल्या साइटसाठी अ‍ॅपच्या मोफत योजनेला काही मर्यादा आहेत, त्या आताच्या दरपत्रकात वाचून घ्या. फ्रापे लर्निंग ब्राउझरमधूनच वापरायचं असल्याने डोंबिवली ते ठाणे या टप्प्यात तग धरतं का, ते प्रत्यक्षच पाहा.

व्हिडिओ शक्यतो लहान ठेवा. पाचशे केबीपीएसला दहा मिनिटांचा व्हिडिओ साधारण सदतीस एमबी होतो, आणि हस्ताक्षराची वळणं दाखवायला तेवढी गुणवत्ता पुरते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाने असेच छोटे व्हिडिओ मराठीसह अनेक भारतीय भाषांत केले आहेत. धडा कसा बेतावा हे शिकायला ते बघण्यासारखे आहेत. व्हिडिओ स्वतःच्या सर्व्हरवर ठेवू नका, जागा आणि बँडविड्थ दोन्ही खातात.

आठवी पायरी: निरोप पोहोचतो का

शिकवणाऱ्याने पान तपासलं, पण शिकणाऱ्याला कळलंच नाही, तर सगळी मेहनत वाया जाते. मूडलमध्ये ईमेल आणि सूचना 'क्रॉन' या पार्श्वभूमीत चालणाऱ्या कामातून जातात आणि ते दर मिनिटाला चालायला हवं. ते बंद असेल तर साइट वरून ठणठणीत दिसते आणि निरोप मात्र जात नाहीत.

सर्व्हरवरून थेट ईमेल पाठवायला जाऊ नका. अनेक क्लाउड कंपन्या ईमेल ज्यातून बाहेर जातो तो २५ क्रमांकाचा पोर्ट बंद ठेवतात, आणि जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याचे नियम कडक केले आहेत. ईमेल पाठवून देणारी सेवा घ्या, डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएम या पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या नोंदी करा, आणि जीमेल, याहू, रेडिफ असलेल्या सदस्यांना चाचणी निरोप पाठवून तो स्पॅममध्ये पडतो का ते विचारा.

"ओटीपीने लॉगिन ठेवूया" अशी सूचना येईलच, कारण पासवर्ड कोणाच्या लक्षात राहत नाही. एसएमएसचा ओटीपी वाटतो तितका सोपा नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि संदेशाच्या साच्याची डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-यंत्रणेवर नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत संस्था नसलेल्या हौशी गटाला हे जमवणं कठीण जातं. गूगल खात्याने लॉगिन हा बहुतेकांसाठी सोपा मार्ग ठरतो, कारण अँड्रॉइड फोनवर ते खातं सहसा असतंच.

नववी पायरी: खर्च आणि गर्दी

खर्चाच्या बाबी: सर्व्हर, डोमेन, ईमेल सेवा, बॅकअपची वेगळी जागा, व्हिडिओ, आणि सांभाळणाऱ्याचा वेळ. शेवटचा फुकट मिळत असला तरी तास म्हणून लिहा. सर्व्हर किती मोठा हवा हे नावनोंदणीवर ठरत नाही, एकाच क्षणी किती जण येतात त्यावर ठरतं. दोनशे जणांच्या गटात रोज दहा जण असतील, पण रविवारी नऊ वाजता परीक्षा ठेवली तर दोनशेही एका मिनिटात येतील. चाचणीच्या वेळी गटाला सांगा, "बरोबर नऊला सगळ्यांनी सुरू करा," आणि सर्व्हरकडे बघत बसा.

दहावी पायरी: माहितीची जबाबदारी

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. शाळकरी मुलं असलेल्या गटाने हा मुद्दा जाणकाराला विचारूनच पुढे जावं. सगळ्यांसाठी साधा नियम: लागत नाही ते मागू नका. जन्मतारीख, पत्ता, आधार यांचं मोडी शिकण्याशी काही देणंघेणं नाही. एखाद्याने "माझं खातं पुसा" म्हटलं तर ते कसं करायचं, हे चाचणीतच करून बघा. मूडलमध्ये त्यासाठी तयार व्यवस्था आहे.

अकरावी पायरी: बाहेर पडून दाखवा

निवड होण्याआधी बाहेर पडण्याचा सराव करा. धडा निर्यात करा आणि दुसऱ्या कोऱ्या साइटवर उघडा. मूडलचे प्रश्न त्याच्या एक्सएमएल किंवा गिफ्ट स्वरूपात बाहेर काढता येतात, एच५पी या साधनाने बनवलेले संवादी घटक वेगळे उतरवता येतात. कोर्स निर्यात केला म्हणजे शिकणाऱ्यांच्या नोंदी आल्या असं नसतं, ते वेगळं तपासा.

मग पूर्ण बॅकअप. मूडलला तीन गोष्टी लागतात: डेटाबेस, 'मूडलडेटा' हे फोल्डर, आणि कोड त्याच्या सेटिंगच्या फाइलसह. फक्त डेटाबेस ठेवलात तर गृहपाठाचे सगळे फोटो गेले, कारण ते त्या फोल्डरमध्ये असतात. बॅकअप दुसऱ्या कंपनीच्या जागेत ठेवा. आणि चाव्या असलेल्या दोघांपैकी दुसऱ्याने, पहिल्याला न विचारता, लिहिलेल्या सूचनांवरून साइट परत उभी करून दाखवावी. जिथे हे जमलं नाही तिथे एक तर सूचना अपुऱ्या आहेत, किंवा ते सॉफ्टवेअर तुमच्या गटाच्या कुवतीबाहेरचं आहे.

निर्णयाची बैठक

गुण देऊन बेरीज करू नका. बेरजेत दहा किरकोळ सोयी एका मोठ्या उणिवेला झाकतात. पहिल्या पायरीत रेघ मारलेल्या गोष्टी एकेक करून घ्या. जिथे "जमत नाही" आलं ते बाद. उरलेल्यांत दोन आकडे पुढे ठेवा: एक पान तपासायला लागणारी मिनिटं, आणि सगळ्यात कमी सराव असलेल्या शिकणाऱ्याला गृहपाठ पाठवायला लागलेला वेळ. तरीही दोन बरोबरीत राहिले, तर सांभाळणाऱ्या दोघांना जे हवं ते घ्या.

हाताने लिहिलेलं तपासून परत देणाऱ्या मोडीच्या गटाला मी मूडल सुचवेन, बहुतेक सेटिंग बंद ठेवून आणि प्रमाणपत्राची वेगळी सोय करून. फक्त थेट वर्ग आणि वाचन असेल तर फ्रापे लर्निंग.

निवडलेलं सॉफ्टवेअर आधी एकाच बॅचला द्या. व्हॉट्सॲप ग्रुप बंद करू नका, तिथे गप्पा आणि एकमेकांना आठवण करून देणं चालू द्या. गृहपाठ मात्र फक्त नव्या जागी घ्या, नाहीतर कोणीच तिकडे जाणार नाही. निर्णयाचा कागद लिहून ठेवा: काय निवडलं, का, दुसरी पसंती कोणती, कोणती आवृत्ती बसवली. मूडल ४.५ घेतलं असेल तर त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या ऑक्टोबर २०२७ पर्यंत मिळतात. म्हणजे त्याच्या आधीच्या मे महिन्यात, बॅच नसताना, पुढच्या आवृत्तीवर जायचं. ती तारीख चाव्या असलेल्या दोघांच्याही कॅलेंडरमध्ये त्याच बैठकीत टाका.